पहिले अधिवेशन : पाड्यावरचा प्रश्न सभागृहात पोचतो कसा?

विधानसभेवर प्रथमच निवडून गेलेला सदस्य पहिले अधिवेशन आटोपून मतदारसंघात परततो, तेव्हा त्यास जागोजागी एकच गोष्ट विचारली जाते : "आमचे काम सभागृहात मांडले का?" प्रश्न सरळ आहे, उत्तर तितके सरळ देता येत नाही. सभागृहात 'काम' म्हणून काही मांडता येत नाही. तेथे तारांकित प्रश्न विचारता येतो, लक्षवेधी सूचना देता येते, मागण्यांवर कपात सूचना देता येते, अशासकीय ठराव वा विधेयक आणता येते. आणि यांपैकी प्रत्येकास स्वतःचा नमुना, स्वतःची मुदत व स्वतःची भाषा असते. गावच्या चावडीवर अर्धा तास बोलून जे सांगितले जाते, ते चार ओळींच्या नमुन्यात बसविताना त्यातील बरेचसे गळून पडते. काय गळू द्यावे व काय टिकवावे, हे नव्या सदस्यास पहिल्याच अधिवेशनात शिकावे लागते. ते शिकविण्यात पंचायत सदस्य, शिक्षक व तालुक्याच्या कचेरीतील कर्मचारी यांचा वाटा सर्वसाधारण समजुतीपेक्षा फार मोठा असतो. प्रस्तुत लेखात ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांच्या संदर्भात या गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

दोन तालुके, दोन मतदारसंघ

दिनांक १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि जव्हार, मोखाडा, वाडा, डहाणू आदी तालुके ठाणे जिल्ह्यातून वेगळे झाले. उरलेल्या जिल्ह्यात महानगरांचा पसारा मोठा आहे. ग्रामीण ठाणे म्हणून जे राहिले त्याचा मुख्य भार शहापूर व मुरबाड या तालुक्यांवर आहे. शहापूरची विधानसभेची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव असून १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये हा संपूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. मुरबाड तालुक्यातील मात्र ठरावीक गावेच त्या क्षेत्रात आहेत. मुरबाडची जागा सर्वसाधारण असून मतदारसंघांच्या २००८ च्या पुनर्रचनेनंतर बदलापूर हे वाढते शहरही त्याच मतदारसंघात आले. म्हणजे माळशेज घाटाच्या पायथ्याशी असलेली ठाकूर-कातकरी वस्ती आणि लोकलगाडीने रोज मुंबईस जाणारा नोकरदार या दोघांचाही प्रतिनिधी एकच. शहराच्या मागण्या वृत्तपत्रांतून आपोआप पुढे येतात. वाडीची मागणी कोणीतरी लिहून दिल्यावाचून पुढे येत नाही.

खाती वाटण्यापूर्वीचे अधिवेशन

पंधराव्या विधानसभेसाठी २० नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान झाले आणि २३ नोव्हेंबरला निकाल लागले. ७ ते ९ डिसेंबर या तीन दिवसांच्या विशेष अधिवेशनात मुंबईत सदस्यांचा शपथविधी व अध्यक्षांची निवड पार पडली. राज्यघटनेच्या अनुच्छेद १८८ नुसार शपथ घेतल्यावाचून सदस्यास सभागृहात बसता येत नाही. बसून मतदान केल्यास अनुच्छेद १९३ अन्वये दर दिवसास पाचशे रुपये दंड आहे. नव्या सदस्यास पहिल्याच दिवशी कळणारी ही गोष्ट बहुतेक मतदारांस ठाऊक नसते.

त्यानंतरचे हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर या काळात नागपूर येथे झाले. त्याच्या आदल्या दिवशी, १५ डिसेंबरला, नागपुरातच मंत्रिमंडळाचा विस्तार झाला. खातेवाटप जाहीर झाले ते २१ डिसेंबरच्या रात्री, अधिवेशन संपल्यावर. साहजिकच त्या सहा दिवसांत पाण्याचा विषय कोणत्या मंत्र्यांकडे न्यावा, रस्त्याचा कोणाकडे, हे अनुभवी सदस्यांसही सांगता आले नसते. तरीही त्याच अल्प काळात ३५ हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेच्या पुरवणी मागण्या सभागृहापुढे आल्या. राज्याचा पैसा मंजूर होण्याचे काम खातेवाटपासाठी थांबत नाही, हा धडा त्या सहा दिवसांत नव्या सदस्यांस मिळाला असेल, तर तो कमी मोलाचा मानू नये. प्रश्नोत्तरे, लक्षवेधी सूचना व मागण्यांवरील चर्चा यांसह पूर्ण स्वरूपाचे अधिवेशन त्यांना पाहावयास मिळाले ते ३ मार्च २०२५ पासून मुंबईत भरलेल्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात.

१९२७ मधील एक पहिले अधिवेशन

पहिल्या अधिवेशनाचा विचार करताना आपल्याच प्रांतातील एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई कायदे कौन्सिलवर नामनियुक्त सदस्य म्हणून आले आणि २४ फेब्रुवारी १९२७ रोजी अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. त्यांनी मांडलेला एक मुद्दा असा की, प्राप्तिकर भरणाऱ्यास उत्पन्न नसेल तर कर द्यावा लागत नाही. शेतकऱ्याकडून मात्र पीक बुडाले तरी शेतसारा वसूल केला जातो. जमिनीचा तुकडा किती लहान आहे, याचाही विचार होत नाही. गरिबांविषयी कळवळा व्यक्त करणारे भाषण त्या दिवशी कोणीही केले असते. आंबेडकरांनी दोन करांची आकारणी शेजारी-शेजारी ठेवली आणि सरकारला तिच्यातील फरकाचे उत्तर मागितले.

त्याच कौन्सिलमध्ये ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. तथा रावबहादुर बोले यांचा ठराव संमत झाला होता. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य वर्गास खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये त्यास अनुसरून ठराव केला. ठराव दप्तरात राहिला. तळ्याचे पाणी होते तेथेच राहिले. कौन्सिलमधील पहिल्या भाषणाला महिना पुरा होण्यापूर्वीच, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जाऊन ते पाणी प्यावे लागले. संमत झालेले वाक्य आणि ओंजळीतले पाणी यांमधील अंतर किती असू शकते, हे या साडेतीन वर्षांवरून दिसते. आजचे अडथळे त्या जातीचे वा त्या क्रौर्याचे नाहीत, तथापि अंतर मोजण्याची गरज संपलेली नाही.

'हे खरे आहे काय?'

शहापूर तालुक्याचा उल्लेख आला की 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण ठरलेली. तानसा तलाव १८९२ मध्ये पूर्ण झाला. भातसा हा मुंबईस पाणी देणाऱ्या सात जलाशयांतील सर्वांत मोठा. सातही मिळून होणाऱ्या साठ्याचा जवळजवळ निम्मा भाग एकट्या भातसात असतो. तालुक्यात दरवर्षी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरी काळ्या पाषाणात तो मुरत नाही, उतारावरून वाहून जातो, आणि मार्च उलटला की कसारा परिसरातील व डोंगरकडेच्या पाड्यांवर हंड्यांची रांग लागते. हे सर्वांस माहीत आहे. सर्वांस माहीत असलेली गोष्टच सभागृहात नीट विचारली जात नाही, असा अनुभव आहे.

तारांकित प्रश्नाचा ठरीव साचा वाचकांच्या परिचयाचा असेल. उदाहरणादाखल एक प्रश्न घेऊ : "(१) शहापूर तालुक्यातील गावांमध्ये पाणीटंचाई निर्माण झाली आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, त्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" यास येणारे उत्तर अनुभवी माणूस आधीच सांगू शकेल : "(१) अंशतः खरे आहे. (२) टंचाई कृती आराखड्यानुसार उपाययोजना करण्यात येत आहेत. (३) प्रश्न उद्भवत नाही." कार्यालयीन मराठीत पाण्याच्या स्रोतास 'उद्भव' म्हणतात. ज्या पाड्याचा उद्भव आटला आहे, त्याच्याविषयी 'प्रश्न उद्भवत नाही' असे उत्तर यावे, हा भाषेचा विनोद त्या पाड्यावरील स्त्रीला कोणी समजावून सांगू नये.

तरी हे उत्तर खोटे नाही. प्रश्न 'गावा'विषयी होता. पाडा हा महसुली गावाचा भाग असतो. गावठाणात नळ योजना चालू असेल, तर कागदोपत्री ते गाव योजनेखाली आलेले असते. दोन किलोमीटर दूर, ओढ्यापलीकडे असलेल्या पाड्याचे नाव प्रश्नात नसल्यामुळे उत्तरातही येत नाही.

आता तोच प्रश्न दुसऱ्या रीतीने विचारून पाहावा. अमुक ग्रामपंचायतीतील अमुक पाड्यावर इतकी कुटुंबे आहेत. त्यांच्या पाण्याचा एकमेव उद्भव असलेली विहीर दरवर्षी मार्चच्या अमुक आठवड्यात आटते. विंधन विहिरीचा हातपंप अमुक महिन्यापासून बंद आहे. ग्रामसभेने अमुक तारखेस ठराव केला, तो पंचायत समितीस अमुक तारखेस पोचला. त्यावर अद्याप संयुक्त पाहणी झाली नाही, हे खरे आहे काय? या प्रश्नास 'अंशतः खरे आहे' असे म्हणावयाचे झाल्यास कोणता अंश खरा व कोणता खोटा, हे सांगावे लागते. मग उपप्रश्नासही जागा मिळते. दिवसाच्या यादीतील मोजक्याच प्रश्नांवर तोंडी उत्तरे होतात. उरलेल्यांची लेखी उत्तरे पटलावर ठेवली जातात. म्हणून उपप्रश्नाची संधी मिळो वा न मिळो, लेखी उत्तरातच काही हाती लागेल अशी प्रश्नाची घडण असावी लागते.

वर जी माहिती सांगितली तीपैकी एकही गोष्ट सदस्यास विधान भवनाच्या ग्रंथालयात सापडणार नाही. विहीर कोणत्या आठवड्यात आटते, हे पाड्यावरच्या पंचायत सदस्यास माहीत असते. दिवाळीनंतर किती कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर गेली, याचा सर्वांत विश्वासार्ह दाखला शाळेच्या हजेरीपटात असतो. स्थलांतराची नोंद इतक्या नियमाने दुसरे कोणी ठेवत नाही. ठराव केव्हा पोचला, हे आवक-जावक नोंदवहीत असते. शिक्षकांनी वा कर्मचाऱ्यांनी राजकारण करावे असा याचा अर्थ नव्हे. त्यांनी आपली नोंद वेळेवर व खरी ठेवली, एवढ्यानेच सदस्याचे निम्मे काम झालेले असते.

एका हंड्यामागे पाच खाती

नव्या सदस्यास चकविणारी दुसरी गोष्ट म्हणजे खात्यांची वाटणी. भातसा धरण राज्याच्या जलसंपदा विभागाचे. तानसा तलाव व तेथून निघालेल्या जलवाहिन्या मुंबई महानगरपालिकेच्या, म्हणजे त्यांचा विषय नगरविकास विभागाकडे. पाड्याची नळ योजना पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाची. योजनेचा नळ वनजमिनीतून जात असेल तर वन विभाग आला. निधी आदिवासी उपयोजनेतून हवा असेल तर आदिवासी विकास विभाग. धरणातील पाणी पाड्यास का मिळत नाही, असा एकच प्रश्न विचारला, तर प्रत्येक विभाग आपल्यापुरते खरे उत्तर देतो, आणि सगळी उत्तरे एकत्र केली तरी पाणी येत नाही.

येथे कायद्याची माहिती उपयोगी पडते. वनजमिनीमुळे योजना अडली, असे कारण या दोन्ही तालुक्यांत वारंवार ऐकू येते. वनहक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३(२) मध्ये पिण्याचे पाणी, जलवाहिन्या, शाळा, अंगणवाडी अशा गावाच्या सुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची तरतूद आहे. हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तोडावी लागू नयेत व ग्रामसभेची शिफारस असावी, या अटी आहेत. तेव्हा 'वन विभागाची अडचण आहे काय?' असे न विचारता, या कलमाखाली ग्रामसभेची शिफारस केव्हा झाली आणि तीवर निर्णय कोणत्या तारखेस झाला, असे विचारावे. ग्रामसभेने शिफारस केलीच नसेल, तर प्रश्न विधानसभेत नेण्याऐवजी आधी ग्रामसभा बोलवावी लागेल. कित्येक प्रश्न असे आहेत की, ते विचारण्याच्या तयारीतच त्यांचे अर्धे उत्तर गावात सापडते.

मुरबाडची कहाणी याच्या उलट बाजूची. तेथे पाणी हवे म्हणून बांधावयाच्या धरणांसाठी जमीन मागितली जाते. औद्योगिक विकास महामंडळाच्या बारवी धरणाची उंची वाढविण्याचे काम पुनर्वसनाच्या प्रश्नावर बरीच वर्षे रखडले. वाढीव उंचीइतके पाणी प्रथम साठले ते २०१९ मध्ये. काळू प्रकल्पाचे काम वन विभागाची मान्यता नसताना सुरू झाले म्हणून २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबविले. दोन्ही ठिकाणी दिसते ते एकच : वरच्या मंजुरीच्या आधी खालची संमती घेतली नाही, तर वेळ वाचत नाही. शहापूर व मुरबाडचे सदस्य या विषयावर परस्परांची भाषणे ऐकतील, तर दोघांच्याही प्रश्नांना धार येईल.

उत्तर लिहितो कोण?

सभागृहात मंत्री उत्तर वाचतात, त्यामुळे ते मुंबईत तयार झाले असे वाटते. वस्तुतः प्रश्न विधानमंडळ सचिवालयातून मंत्रालयातील विभागाकडे, तेथून जिल्हाधिकारी अथवा जिल्हा परिषदेकडे, तेथून पंचायत समितीकडे आणि बहुधा शेवटी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे, येतो. उत्तराचा प्रवास याच वाटेने उलट दिशेस होतो. प्रत्येक टप्प्यावर माहितीचा मजकूर आखडत जातो. 'दोन विहिरी आटल्या, तिसरीचे पाणी गढूळ, हातपंप नादुरुस्त' असा खालून गेलेला अहवाल वर पोचेपर्यंत 'काही उद्भवांची पाणीपातळी खालावली आहे' असा होतो. कोणी खोटे लिहीत नाही. प्रत्येक जण एक-एक शब्द मवाळ करतो इतकेच. शिवाय 'माहिती तात्काळ पाठवावी' असा शेरा असल्यामुळे मागील वर्षाच्या उत्तराची प्रत काढून त्यात वर्ष बदलण्याचा मोहही होतो. अधिकारीवर्गातील वाचकांस हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते यावर एक साधा उपाय आहे. गटविकास अधिकाऱ्यांनी पाठविलेल्या माहितीत पाड्यांची नावे व तारखा तक्त्याच्या रूपात असाव्यात. गद्य मवाळ करता येते. तक्त्यातील तारीख मवाळ करता येत नाही.

आश्वासनाची नोंद

लक्षवेधी सूचनेवर मंत्री निवेदन करतात, सदस्य प्रश्न विचारतात आणि काही वेळा त्या ओघात आश्वासन मिळते. सदस्य आनंदाने दूरध्वनी करतो, गावात बातमी पोचते, वृत्तपत्रात छायाचित्र येते. आश्वासनाचे नेमके शब्द मात्र कोणी उतरवून ठेवत नाही. 'तपासून पाहू', 'बैठक घेऊ', 'तीन महिन्यांत काम पूर्ण करू' ही तीन वाक्ये गावात पोचेपर्यंत एकच होतात. आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी विधानमंडळाची आश्वासन समिती असते. तिच्यापुढे शब्दांवरच सारे ठरते. म्हणून सभागृहाच्या कार्यवाहीतील आपल्या विषयाचा मजकूर मिळवून त्याची प्रत संबंधित ग्रामपंचायतीस पाठविण्याची सवय नव्या सदस्याने पहिल्या अधिवेशनापासूनच लावून घ्यावी. ग्रामपंचायतीने ती ग्रामसभेपुढे वाचावी. हे काम कोणत्याही भाषणापेक्षा कमी दिसणारे आहे, आणि म्हणूनच बहुधा केले जात नाही.

खर्चाविषयीही थोडे सांगावयास हवे. खात्याच्या मागणीवर शंभर रुपयांची कपात सुचवून गाऱ्हाणे मांडण्याची पद्धत जुनी आहे. कपात होत नाही, पण गाऱ्हाणे नोंदले जाते. अनेक मागण्या मात्र वेळेअभावी चर्चेविनाच मतास टाकल्या जातात. आपल्या तालुक्याचा विषय ज्या मागणीत येतो तिला किती वेळ ठेवला आहे, हे आधी पाहावे. वेळ नसेल तर जिल्हा नियोजन समिती हे दुसरे स्थान आहे, आणि लहान योजनांच्या बाबतीत ते अधिक जवळचे.

तारखांचा मेळ

पाणीटंचाईचा कृती आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांचा असतो. विधिमंडळाची अधिवेशने सामान्यतः हिवाळ्यात नागपूरला, फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्थसंकल्पासाठी मुंबईत आणि पावसाळ्यात पुन्हा मुंबईत भरतात. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावी लागते. म्हणजे एप्रिलमध्ये आटणाऱ्या विहिरीचा प्रश्न मार्चमध्ये उत्तरास यावयाचा असेल, तर त्याची माहिती जानेवारीतच, विहिरीत अजून पाणी असताना, सदस्याच्या हाती पडावी लागते. टँकर सुरू झाल्यावर धाडलेले निवेदन जून-जुलैच्या अधिवेशनात पोचते. तोवर पाड्यावर पाऊस पडत असतो आणि उत्तरात 'सद्यःस्थितीत टंचाई नाही' असे लिहिलेले असते, तेही खरेच असते. प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत पाडावार उद्भवांची यादी, मागील वर्षी ते कोणत्या आठवड्यात आटले त्याच्या नोंदीसह, वाचून संमत करावी आणि तिची एक प्रत पंचायत समितीस व एक आपल्या आमदारांस त्याच आठवड्यात द्यावी. शहापूर व मुरबाडच्या ज्या ग्रामपंचायतींस हे जमेल, त्यांच्या पाड्यांची नावे मार्चच्या प्रश्नोत्तरांच्या यादीत छापून येऊ शकतील.